देवघरातली भेग

प्रश्न : इंदूरला ३० बाय ५० च्या प्लॉटवर आम्ही घर बांधतोय. ठेकेदार मालासकट काम करणार आहे. यजमानांना हॉलमध्ये इटालियन मार्बलच हवा, आणि बजेट तर वाढणार नाही. काका, पैसा कुठे घालावा नि कुठे हात आखडावा? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, मार्बलचं नंतर बोलू. आधी माझ्या देवघरात चला. तिथल्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली आहे. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जातं, श्रावणात उदबत्तीची काडी शिरत नाही. चारदा पुट्टी भरून झाली, रंग झाला. भेग आपली पंचांग पाहून उघडते. खाली माळव्याची काळी माती आहे ना! पाणी प्याली की फुगते, उन्हात आक्रसते, आणि वरचं घर उचलते नि सोडते. ‘मुरूम लागला, साहेब,’ म्हणून माझ्या ठेकेदाराने चार फुटांवरच पाया भरायला घेतला होता. मी त्या दिवशी ऑफिसात. मुरूम कसला, मातीतले खडे होते ते.

तेव्हा पहिला पैसा जमिनीत. खड्डा खणून झाला की काँक्रीट पडायच्या आधी तो इंजिनिअरला स्वतः उतरून बघायला लावा. काळ्या मातीचा थर पातळ असेल तर काढून टाकून पाया पक्क्या मुरमावर किंवा खडकावर न्यायचा. खोल असेल तर अंडर-रीम पाइलचं विचारा, म्हणजे तळाशी कांद्यासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब. आणि खणलेली काळी माती जोत्यात परत ढकलतात, कारण ती फुकट असते. तिथे मुरूमच भरून घ्या.

सरियाची, म्हणजे लोखंडी सळ्यांची, पारख तुम्ही घरच्या घरी कराल. १२ मिलिमीटरच्या सळीचा बरोब्बर एक मीटर तुकडा कापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ८८८ ग्रॅम भरायला हवा. चार-पाच टक्के इकडेतिकडे चालतं. त्याहून हलका असेल तर गाडी परत. करारात नुसतं ‘चांगला सरिया’ लिहू नका, ‘एफई ५०० डी’ ही सळीची प्रत लिहा नि कंपनीचं नावही घाला. मालासकट ठेका म्हटला की नाव लिहिलेलंच येतं, न लिहिलेलं येत नाही.

सिमेंटच्या ब्रँडवरून घराघरांत वाद होतात, पाण्यावरून कुणी भांडत नाही. हल्ली बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट येतं, ते सावकाश पकडतं. आपल्या उन्हाळ्यात स्लॅबवर वाफे करून १४ दिवस पाणी उभं ठेवा. ‘सात दिवस पुरे’ म्हणणारा ठेकेदार मजुराची रोजी वाचवत असतो. नर्मदेच्या नळावर हे भागायचं नाही, टँकरचा खर्च आधीच धरा.

बाथरूमच्या टाइल्स लावण्याआधी पाइपात पाण्याचा दाब भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबमापकाचा काटा उतरला का ते पाहा. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची. वायरिंग तांब्याचं, गिझर-एसीला ४ स्क्वेअर मिलिमीटर, चांगली अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना माझी आठवण काढाल.

हात आखडायचा तो मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, बाहेरचा दगडी दिखावा यांवर. ते पाच वर्षांनीही करता येतं. आणि हो, मार्बल! हळद नि लिंबू सांडणाऱ्या घरात इटालियन मार्बल म्हणजे पोरांना कायम ओरडत बसणं. कोटा फरशी घाला, नीट पॉलिश करून. यजमान रुसले तर त्यांना एखाद्या मे महिन्यात चहाला घेऊन या, भेग दाखवतो. आणि तो सळीचा तुकडा किती भरला ते मला जरूर कळवा.