तेरा घरांचे कांदेपोहे

प्रश्न : ताई, माझी नात अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला गेलीये. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच तिचं ते ‘रश’ का काय ते आहे म्हणे, आठवडाभर रोज नवा ड्रेस घालून मुलींच्या बंगल्याबंगल्यात जायचं आणि हिला घ्यायचं की नाही ते त्या ठरवणार. व्हिडिओ कॉलवर तिने सहा ड्रेस दाखवले, मी येवल्याच्या पैठणीचा शिवून पाठवलेला त्यात नव्हता. मुलगा म्हणतो आई तू लक्ष घालू नको, सून म्हणते खर्च बघा आधी. मला एवढंच सांगा, हे रॅगिंग तर नाही ना? तुम्ही तिकडे शिकलात, पूर्वीपण असंच होतं का? – एक आजी, गंगापूर रोड

उत्तर : काकू, पैठणीचं मनाला लावून घेऊ नका, दिवाळीला घालेल ती. आणि हे रॅगिंग नाही, निदान आत्ता तरी नाही. रॅगिंगला तिकडे हेझिंग म्हणतात आणि ते झालंच तर मुलीला आत घेतल्यावर, पहिल्या काही आठवड्यांत होतं. बहुतेक राज्यांत त्याविरुद्ध कायदे आहेत, शिवाय 2024 च्या डिसेंबरात सगळ्या देशासाठी एक कायदा झाला, त्यानुसार कॉलेजांना अशी प्रकरणं जाहीर करावी लागतात (आपला महाराष्ट्राचा कायदा 1999 चा). म्हणजे कान टवकारायचे ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. आत्ता चाललेत ते सरळसरळ कांदेपोहे, फक्त मुलगी एक, घरं दहा-पंधरा, आणि बघणाऱ्यापण सगळ्या मुलीच. घर म्हणजे सोरोरिटी, कॉलेजच्या मुलींचं ग्रीक अक्षरांच्या नावाचं मंडळ आणि त्यांचा बंगला.

मी हे बाहेरून पाहिलं, पण अगदी उंबऱ्यावरून. नाशिकच्या आरवायके कॉलेजला बीएस्सी, पुण्याला एमएस्सी, आणि 1986 ला मिडवेस्टातल्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडीला. दुसऱ्या वर्षी राहणं-जेवण फुकट मिळावं म्हणून मी मुलींच्या हॉस्टेलमध्ये एका मजल्याची आरए झाले, आरए म्हणजे रेक्टरबाईंची धाकटी जाऊ समजा, किल्ल्या, भांडणं, तुंबलेलं बेसिन सगळं आपल्याकडे. 1987 चा ऑगस्ट, क्लास सुरू व्हायला आठवडा, आणि पहाटे सहाला अख्ख्या मजल्यावर केस कुरळे करायचे गरम रोलर एकदम चालू, की फ्यूज उडालाच. मी गाऊनवर टॉर्च घेऊन तळघरात.

आमच्याकडे तेरा घरं होती. पहिल्या फेरीत सगळीकडे जायचं, प्रत्येकी वीसेक मिनिटं. दार उघडलं की आतल्या पन्नास-साठ जणी टाळ्या वाजवत एका सुरात गाणं म्हणायच्या, मग एकजण हात धरून आत न्यायची, गाव कुठलं, विषय कुठला, पाच मिनिटांत दुसरी येऊन अलगद ताबा घ्यायची आणि पहिली गायब, हे सगळं त्यांनी आठवडाभर घोटलेलं असायचं. मुलींचे फोटो बघून नावंपण पाठ! एका घराने हॉलचं जहाज केलेलं, दुसऱ्याने सर्कस, नाटुकली, पंच नावाचं सरबत, बिस्किटं. दारू नाही, मुलगे नाहीत. आणि पाच विषय बोलायचे नाहीत असा दंडकच, बॉईज, बूझ, बायबल, बॅलट, बक्स, म्हणजे मुलगे, दारू, देव, राजकारण नि पैसा. आता सांगा, या पाचांवर बंदी घातली तर आपल्या नाशकात मिसळ खाताना बोलायचं काय?

मध्यस्थपण होते बरं. मुलीच्या गावातल्या, त्या घराच्या जुन्या मेंबर बायका शिफारसपत्र पाठवायच्या, त्याला ‘रेक’ म्हणायचे. आई किंवा आजी त्याच घरची असली तर मान वेगळा. मग रात्री घराघरात खरा कार्यक्रम, स्लाइड प्रोजेक्टरवर एकेका मुलीचा फोटो भिंतीवर, चर्चा, मतदान, दोन-तीन वाजायचे. सकाळी मुलींनी जाऊन पाकीट घ्यायचं, आत आज कुठल्या घरांनी परत बोलावलंय त्याची यादी. आपल्याकडे निदान ‘पत्रिका जुळत नाही’ असं खोटं तरी सांगतात, इथे त्या यादीत घराचं नावच नसायचं, संपलं. पाकीट देणारी रश काउन्सेलर टिश्यूचा डबा घेऊनच उभी. तीपण कुठल्यातरी घरचीच, पण तेवढे दिवस कुठली ते सांगायचं नाही.

एक मात्र खरं, निवड दोन्ही बाजूंनी असायची, अजूनही असते. मुलगीपण घरांना नंबर देते. शेवटच्या संध्याकाळी मेणबत्त्या, हळू आवाजातली गाणी, एखाद-दोन घरंच उरलेली, आणि तिथून निघाल्यावर लगेच पसंतीच्या कार्डावर सही. ती सही साधी नाही हो, त्यावर लिहिलेलं घर मिळालं आणि मग नको म्हटलं तर वर्षभर त्या कॉलेजात दुसऱ्या घरात जाता येत नाही.

माझ्या मजल्यावर एक पोरगी होती, मका-सोयाबीनवाल्या गावातली, निफाडहून कोणी पहिल्यांदा कॉलेज रोडला यावं तशी. रेक एकही नाही, जोडे बहिणीचे. तिची यादी तेरावरून सातवर, मग तीन, मग एक. त्या एकाने घेतलं. बिड डेला, म्हणजे निकालाच्या दिवशी, पाकीट फोडल्याफोडल्या सगळ्या मुली हिरवळीवरून आपापल्या घराकडे धावत सुटल्या, किंकाळ्या अशा की मला वाटलं आग लागली, आणि ही जोडे हातात घेऊन अनवाणी. मला इतका आनंद झाला की मी आईला पत्रात लिहिलं होतं.

पुढच्या ऑगस्टात रात्री अडीचला माझं दार वाजलं. तीच. खाली बसली, नाशिकहून आलेला चिवडा खाल्ला, बराच वेळ काही बोलेना, मग म्हणाली, आज भिंतीवर एका मुलीचा फोटो आला, कोणीतरी म्हणालं हिचे जोडे बघा, सगळ्या हसल्या, मीपण हसले. हात नाही वर केला तिच्यासाठी.

काल सून होती, आज सासूच्या खुर्चीत! काकू, लोक म्हणतात नकार वाईट, मला नकाराचं एवढं नाही वाटलं, नकार आपल्यालाही माहितीयेत. पण बारा घरांनी नाकारलेली मुलगी एका वर्षात परीक्षक होते आणि तिला स्वतःचे जोडे आठवत असूनही तोंड उघडता येत नाही, हे मला आजही खटकतं.

आता बरंच बदललंय. या मंडळांची एक शिखर संस्था आहे, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, 1902 पासूनची, 26 संघटना आहेत त्यात, त्यांनी सजावट नाटुकली कमी करायला लावली, ‘रश’चं अधिकृत नाव ‘रिक्रूटमेंट’ झालं, जुळवाजुळव कॉम्प्युटर करतो. कपड्यांचं मात्र उलटं झालं, 2021 च्या ऑगस्टात अलाबामा युनिव्हर्सिटीच्या मुलींचे ड्रेस दाखवायचे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले तेव्हापासून तर विचारूच नका. सूनबाईंचं बरोबर आहे, सहीच्या आधी दर सेमिस्टरची वर्गणी किती, घरात राहणं सक्तीचं का, ते मुलाला लेखी बघायला सांगा. आणि तुम्ही नातीला आत्ता काही विचारू नका. पुढच्या ऑगस्टात ती खुर्चीत बसली की फोन करा आणि विचारा, कोणाला घेतलंस गं?

प्रश्न : आम्हाला आमच्या कॉलेजात अशी सोरोरिटी सुरू करायची आहे, ग्रीक अक्षरं वगैरे. करता येईल का? – टीवायच्या पाच मैत्रिणी, नाशिकरोड

उत्तर : पोरींनो, ग्रीक कशाला? सोरोर म्हणजे लॅटिनमध्ये बहीण, म्हणजे सोरोरिटी हे शुद्ध भगिनी मंडळ झालं आणि ते आपल्या गल्लीगल्लीत आहे. जॉर्जियातल्या मेकन गावी मुलींच्या कॉलेजात 1851 ला पहिलं गुप्त मंडळ निघालं, ग्रीक अक्षरांचं पहिलं 1870 ला इंडियानात, आणि सोरोरिटी हा शब्द तर 1882 ला सिराक्यूजच्या एका लॅटिनच्या प्रोफेसरने सुचवला, तोवर बायकापण स्वतःला मुलांच्या मंडळांसारखं फ्रॅटर्निटीच, म्हणजे बंधुमंडळच, म्हणवत होत्या. मुलांची मंडळं मुलींना घेत नव्हती म्हणून यांनी आपली काढली. गंमत बघा, मग यांनी ज्यांना घेतलं नाही त्यांनी आपली काढली. काळ्या मुलींनी 1908 ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत अल्फा कापा अल्फा काढली, कमला हॅरिस तिथल्याच. आपल्या देशी मुलींनी 1998 या एकाच वर्षात तीन काढल्या, ह्यूस्टन, ऑस्टिन नि न्यूयॉर्कमध्ये. आणि अलाबामात गोऱ्या मुलींच्या घरांनी एका काळ्या मुलीला कसं डावललं ते कॉलेजच्याच पेपरने छापलं, पोरं मोर्चा घेऊन निघाली, मग दारं उघडली, हे 2013 साली हं, 1963 नाही.

तेव्हा मंडळ जरूर काढा, पण निवड ठेवू नका. भोंडल्याला बघा ना, जी येईल ती फेरात, परीक्षा फक्त खिरापत ओळखायची.

प्रश्न : मुलगी पुढच्या वर्षी एमएसला जातेय. तिने यात जावं का? – सौ. क., इंदिरानगर

उत्तर : नको, हे मुख्यत्वे बॅचलर्सच्या मुलींचं, एमएसवालीला श्वास घ्यायला वेळ नसतो. इंडियन स्टुडंट्स असोसिएशन असेल तर त्यांना आधी ईमेल करायला सांगा, बऱ्याच ठिकाणी ते एअरपोर्टवर घ्यायला येतात आणि पहिल्या आठवड्यापुरती गादीपण देतात. बॅगेत चिवडा आणि कुकरची एक जास्तीची रिंग टाका.