घरी आलेल्या सर्वेक्षणवाल्यांना नोकरीबद्दल खरं सांगितलं, तर मालकाला कळेल का?

नाही कळणार. रजा, लेखी करार, कामाचे तास विचारत असतील तर ते बहुधा नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणारं सरकारी सर्वेक्षण आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते 2017 पासून करतंय आणि 2025 पासून त्याचे आकडे दर महिन्याला येतात. तुमची उत्तरं 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याने गोपनीय असतात, नावानिशी कुठेही छापली जात नाहीत. त्यामुळे मोकळेपणाने बोला.

तासांच्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्या. मागच्या सात दिवसांत रोज प्रत्यक्ष किती तास काम केलं, हे दिवसवार विचारतात. आमच्याकडे आले तेव्हा वहिनी पटकन "आठ तास" म्हणाल्या. त्या पॅकिंगच्या कामाला जातात. मी म्हटलं, वहिनी, मंगळवारी रात्री नऊला आलात, पोळ्या मी केल्या! मग त्यांनी बोटांवर मोजून एकेक दिवस सांगितला आणि सर्वेक्षणाच्या बाईंनी टॅबवर तसंच भरलं. करार नाही, पगारी रजा नाही, पीएफ नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "असतं की सगळं" म्हणून वेळ मारून नेली, तर कागदावर आपली नोकरी चांगलीच दिसणार ना?

आधी ओळखपत्र तेवढं बघा. ओटीपी किंवा बँक खात्याचा नंबर मागितला तर दार लावून घ्या. आणि तेच लोक पुढच्या महिन्यात परत आले तर वैतागू नका, निवडलेल्या घरी सलग चार महिने चार फेऱ्या असतात.