तूट, रोखे आणि रेपो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सेलू, जि. परभणी) : मोंढ्यात चर्चा ऐकली. 2008 च्या मंदीनंतर सरकारने तूट वाढवली, रिझर्व्ह बँकेने नोटा छापून ती भरून दिली आणि म्हणून महागाई भडकली. खरं आहे का?

उत्तर : अर्धंच. केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च, 2007-08 मध्ये जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या) अडीच टक्क्यांच्या आसपास होती, ती 2009-10 मध्ये साडेसहा टक्क्यांजवळ गेली. पण सगळा दोष मंदीच्या माथी मारता येत नाही. जिच्यामुळे मंदी भडकली ती अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली 15 सप्टेंबर 2008 ला. शेतकरी कर्जमाफी मात्र त्याच वर्षी, आधीच्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात जाहीर झाली होती.

सरकारला थेट नोटा पुरवायची वाट तोवर बंद झाली होती. 1 एप्रिल 2006 पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे (सरकारने घेतलेल्या कर्जाची प्रमाणपत्रं) थेट सरकारकडून घ्यायला कायद्याने मनाई आहे. अपवाद अगदी मोजके. समजा, सरकारने 100 कोटींचे रोखे लिलावात काढले आणि बँकेने ते घेतले. सरकारने ते पैसे पगार, खत अनुदान, रस्ते यांवर खर्चले, की ते ठेवी म्हणून परत बँकांतच येतात. पुढे रिझर्व्ह बँक तेच रोखे बाजारात बँकेकडून विकत घेते आणि बँकेच्या खात्यात 100 कोटी जमा दाखवते. छापखाना हलत नाही, फक्त नोंद होते.

त्या नोंदीतून महागाई होते का, हे तो पैसा कुठे पडून राहतो त्यावर ठरतं. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह (फेड) या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद अशाच खरेदीतून 2008 मधल्या सुमारे 900 अब्ज डॉलरवरून 2014 अखेर साडेचार हजार अब्जांवर गेला, तरी महागाई भडकली नाही. बँकांनी बराचसा पैसा फेडकडेच व्याजावर ठेवला होता. आपल्याकडे ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 या काळात रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर) 9 वरून 4.75 टक्क्यांवर आणि रोख राखीव प्रमाण (ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा वाटा) 9 वरून 5 टक्क्यांवर आणलं गेलं. त्यातच 2009 च्या पावसाळ्यात देशभर पावसाची 22 टक्के तूट पडली आणि डाळी कडाडल्या. रेपो वाढायला मार्च 2010 उजाडलं, सरकारचा हातही सैलच राहिला. पैसा सोडणं बरोबर होतं. तो आवरायला दोघांनीही उशीर केला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (औसा, जि. लातूर) : रेपो उतरला तरी माझ्या कर्जाचा हप्ता का उतरत नाही?

उत्तर : मंजुरीपत्र काढा आणि दर कशाला जोडलाय ते बघा. 1 ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जं बँकेबाहेर ठरणाऱ्या मापदंडाला, बहुधा रेपोला, जोडलेली असतात. दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. त्याआधीचं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतःच ठरवलेल्या दरांवर असेल, तर बदल उशिरा आणि थोडाच पोचतो. बदलून घेण्यासाठी लेखी अर्ज द्या, शुल्क विचारा, आणि हप्ता घटणार की मुदत, हे लिहून घ्या. कर्ज जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल, तर हा नियम लागू नाही. पीककर्जाचं गणितही वेगळं : 3 लाखांपर्यंत 7 टक्के, आणि वेळेत फेडलं तर 3 टक्के सवलत. त्याचा रेपोशी संबंध नाही.

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड) : हे सरकारी रोखे आम्हाला घेता येतात का?

उत्तर : येतात. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर पॅन, केवायसीसाठी ओळखीचा पुरावा, बचत खातं, मोबाइल आणि ईमेल एवढ्यावर खातं उघडतं, त्याला शुल्क नाही. किमान गुंतवणूक 10,000 रुपये. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. 7 टक्के व्याजाचा 10 वर्षांचा रोखा घेतला आणि लगेच बाजारातला दर 8 टक्के झाला, तर मुदतीआधी विकताना 100 च्या रोख्याला सुमारे 93 रुपयेच मिळतात. मुदत संपेपर्यंत थांबलात तर पूर्ण 100. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यातल्या लग्नाचा पैसा लांब मुदतीत गुंतवू नका. त्यासाठी 91 किंवा 182 दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे रोखे, आहेत.