वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर कंपनीचा कार्बनचा हिशेब

प्रश्न : आमची कंपनी सव्वाशे माणसांची. कारखाना नाही, चिमणी नाही, सर्व्हर क्लाउडवर. विजेच्या बिलावरून काढलेलं उत्सर्जन अगदी किरकोळ येतं. तेवढाच आकडा जाहीर केला तर चालेल का?

उत्तर : नाही. विजेचं बिल म्हणजे जीएचजी प्रोटोकॉलमधला (हरितगृह वायूंचा हिशेब मांडायच्या जागतिक नियमांतला) फक्त स्कोप 2, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन. स्कोप 1 मध्ये, म्हणजे तुमच्याच जागेत थेट होणाऱ्या उत्सर्जनात, जनरेटरचं डिझेल येतं आणि एसीतून गळलेला गॅसही. हा गॅस हमखास राहून जातो. आर-410ए गॅसची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट धरतात. वर्षभरात दोन किलो गॅस पुन्हा भरावा लागला असेल, तर तेवढा हवेत गेला, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. साधारण दीड हजार लिटर डिझेल जाळल्यावर एवढं उत्सर्जन होतं. तेव्हा एसी दुरुस्तीच्या पावत्या आधी मागवून घ्या.

पण तुमचं खरं ओझं स्कोप 3 मध्ये, म्हणजे तुमच्यासाठी पण दुसऱ्यांकडे होणाऱ्या उत्सर्जनात असणार : क्लाउड सेवा, लॅपटॉप, विमानप्रवास, कर्मचाऱ्यांची रोजची ये-जा. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचंही 95 टक्क्यांहून जास्त उत्सर्जन याच स्कोपमध्ये आहे. क्लाउडची वीज तुमच्या स्कोप 2 मध्ये येत नाही, ती विकत घेतलेल्या सेवांत मोडते. लॅपटॉपचं बहुतेक उत्सर्जन तो तयार होतानाच झालेलं असतं, आणि ते सगळं खरेदीच्या वर्षातच दाखवायचं. लेखा विभाग सवयीने त्याचा घसाऱ्यासारखा वाटा पाडतो, ते चूक आहे. तीन वर्षांऐवजी पाच वर्षं वापरलात तर खरेदीच कमी होते आणि आकडा खरोखर उतरतो.

पहिल्या वर्षी खर्चाच्या रकमेला गुणांक (दर रुपयामागे सरासरी किती उत्सर्जन, तो आकडा) लावून अंदाज काढायला हरकत नाही. त्यावरच थांबू मात्र नका. विक्रेत्याने दहा टक्के सूट दिली की कागदावरचं उत्सर्जनही दहा टक्क्यांनी घटतं, हवेत काहीच फरक पडत नाही. पुढच्या वर्षापासून नग, युनिट आणि किलोमीटर मोजा.

प्रश्न : क्लाउडवाले म्हणतात, आमची वीज 100 टक्के नवीकरणीय. मग तिथलं उत्सर्जन शून्य धरायचं का?

उत्तर : त्यांच्याकडून दोन्ही आकडे मागा : नवीकरणीय विजेची प्रमाणपत्रं आणि वीजखरेदीचे करार धरून येणारा एक, आणि डेटा सेंटर ज्या ग्रीडवर आहे तिथल्या सरासरीवरून येणारा दुसरा. प्रमाणपत्रांचा मेळ बहुधा वर्षाच्या बेरजेवर घातलेला असतो. दुपारच्या सौरविजेचं प्रमाणपत्र रात्रीच्या कोळशाच्या विजेवर लागू शकतं.

ग्रीडमुळे किती फरक पडतो ते पाहा. सतत 250 वॅट खेचणारा सर्व्हर वर्षाला 2,190 युनिट घेतो. थंडाव्याचा आणि इतर खर्च धरून दीडपट केले, की 3,285. युनिटमागे अर्धा किलो उत्सर्जनाच्या ग्रीडवर हे 1,640 किलो होतात. 50 ग्रॅमच्या ग्रीडवर 164. म्हणून क्लाउडचा रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण) निवडताना फक्त दर आणि वेग बघू नका.

त्याआधी एक सोपं काम करा. टेस्टिंगची मशिनं आठवड्याचे 168 तास चालू असतात, कामाचे तास जेमतेम 50. वेळापत्रक लावून ती बंद केलीत तर 70 टक्के तास वाचतात. इथे एक गोष्ट राहून जाते : मशीन बंद झालं तरी त्याची डिस्क आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) जागा अडवून बसतात. तेही साफ करा.

प्रश्न : झाडं लावून ‘नेट झिरो’ जाहीर करता येईल?

उत्तर : नुसती झाडं लावून नाही. एसबीटीआय ही कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणारी संस्था. तिच्या 2021 च्या नेट झिरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) मानकानुसार बहुतेक कंपन्यांना 2050 पर्यंत उत्सर्जन सुमारे 90 टक्के कमी करावं लागतं. उरलेलंच हवेतून काढून घेऊन भरून काढायचं. विकत घेतलेली कार्बन क्रेडिट्स या कपातीत मोजली जात नाहीत.

उद्दिष्ट प्रति कर्मचारी ठेवू नका. माणसं दुप्पट झाली की दरडोई आकडा घटूनही एकूण उत्सर्जन वाढलेलं असू शकतं. आधारवर्ष (ज्याच्याशी पुढची वर्षं ताडून बघायची ते) लिहून ठेवा, आणि दुसरी कंपनी विकत घेतलीत तर आधारवर्षाचा आकडाही नव्याने काढा. गूगलचं 2023 चं उत्सर्जन 2019 पेक्षा 48 टक्क्यांनी जास्त होतं. हे आपल्याला कळलं, कारण आधारवर्ष आणि एकूण टन दोन्ही त्यांनी अहवालात छापले होते. तुमच्या अहवालातही आकडा वाढलेल्या वर्षी तो तसाच छापा, आणि कशामुळे वाढला ते शेजारी लिहा.