कोळंबीच्या सालांवर पोट भरेल का?

प्रश्न : मी मासळी प्रक्रिया कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. कोळंबीच्या सालांतल्या कायटिनपासून (सालांना ताठपणा देणारा तंतुमय पदार्थ) नॅनोफायबर, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू काढून हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) करायचा प्रकल्प तिनं घेतलाय आणि पुढेही त्यातच संशोधन करीन म्हणते. तिचा मामा म्हणतो, बी.एड. करून मोकळी हो. आम्ही जे कचरा म्हणून टाकतो, त्यात भवितव्य काय?
– एक पालक, रत्नागिरी

उत्तर : ‘कायटिन हायड्रोजेल येणारा उमेदवार पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला बहुधा कधीच दिसणार नाही. तरीही तिला अडवू नका. सालं हे निमित्त आहे. त्यांवर काम करताना ती जे शिकेल, त्याला गिऱ्हाईक आहे.

सालात मुख्यतः चुना (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट), प्रथिनं आणि कायटिन असतं. चुना हायड्रोक्लोरिक आम्लानं जातो, प्रथिनं कॉस्टिक सोड्यानं. कोळंबी खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांना बाधतात ती मुख्यतः मांसातली प्रथिनं, आणि त्यांचे अंश सालांनाही चिकटलेले असू शकतात. जखमेवर लावायचं जेल करायचं, तर ती नीट गेली पाहिजेत. (हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेतच होऊ दे, परसदारी नको.)

उरलेलं कायटिन पाण्यात विरघळत नाही, त्याचे तंतू सुटे करावे लागतात. २००९ मध्ये जपानात शिन्सुके इफुकू आणि सहकाऱ्यांनी खेकड्याच्या कवचातून १० ते २० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचे तंतू मोकळे केले. त्यासाठी वापरलेलं यंत्र म्हणजे आपल्या जात्याचाच भाऊ : दोन दगड, मधून ओला लगदा. ‘ओला’ हा शब्द महत्त्वाचा. कायटिन एकदा वाळलं की तंतू एकमेकांना असे धरून बसतात की नंतर सोडवताना दमछाक होते.

तंतूंच्या पृष्ठभागावरचे थोडे अॅसिटिल गट (कायटिनच्या रेणूला जोडलेले छोटे अणुसमूह) तीव्र कॉस्टिकनं काढले, तर किंचित आम्ल पाण्यात त्यांच्यावर धन प्रभार येतो आणि ते एकमेकांना लोटत पाण्यात पसरतात. मग अमोनियाची वाफ दिली की प्रभार जातो, तंतू एकमेकांना बिलगतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. झालं जेल. चायना ग्राससारखं थरथरणारं, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. मात्र अॅसिटिल गट फार काढले तर हाती येतं कायटोसान, आणि ते आम्ल पाण्यात चक्क विरघळतं. या दोघांची गल्लत केलेले प्रकल्प-अहवाल मी पुष्कळ वाचलेत.

जेल झालं की नाही, हे बाटली उपडी करूनही कळतं. ते किती घट्ट, दाबल्यावर परत उभं राहतं का, किती पाणी पितं, तंतूंचं प्रमाण दुप्पट केल्यावर ताठपणा किती पटींनी वाढतो, हे मोजावं लागतं. ताठपणा मोजायचं यंत्र रिओमीटर, शास्त्र रिऑलॉजी. टूथपेस्ट, मलम, रंग, केचप बनवणाऱ्या कंपन्यांना ही मोजणी रोज लागते. तुमच्या मुलीचं करिअर आहे ते इथे.

म्हणून पुढे ‘कायटिन’ हा शब्द शोधत बसू नका. पॉलिमर (कायटिनसारखे लांब साखळीचे रेणू), सॉफ्ट मटेरियल्स (जेलसारखे मऊ पदार्थ), फॉर्म्युलेशन (घटक मिसळून उत्पादन बनवणं) हे शब्द शोधा. एम.एस्सी.साठी तिला आयआयटी-जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. माटुंग्याचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), दोन्हीकडे पॉलिमरवर जुनं, भक्कम काम आहे. सालांशीच नातं ठेवायचं असेल, तर कोचीच्या सीआयएफटी या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेकडे बघा. कायटिन-कायटोसान हा त्यांचा जुना विषय. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे पीएच.डी.ची वर्षं तुमच्या खिशातून जाणार नाहीत. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. मामांना तसं सांगा, त्यांचा मानही राहील.

एक काम मात्र तुमच्याकडे. दर वेळी वेगळ्या कोळंबीची, वेगवेगळ्या दिवसांची सालं आली तर तिचे आकडे जुळणार नाहीत. एकाच जातीची, एकाच दिवशी सोललेली सालं बाजूला काढा, लगेच धुऊन बर्फात ठेवा आणि पिशवीवर तारीख, जात लिहा. उन्हात टाकू नका.