अंगावर मांस नाही, मग यकृतात चरबी कुठून?
(आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे)

या महिन्यात ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठण्याच्या आजाराविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. हा आजार बसून खाणाऱ्यांचा, सुखवस्तू घरांतला, हा समज बहुतेक पत्रांत डोकावतो. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्या समजाची किंमत कोणाला मोजावी लागते हे त्यात स्पष्ट दिसते.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आमच्या वाडीतील पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंची पोटदुखीसाठी सोनोग्राफी झाली. कागदावर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ असे लिहून आले, पण समजावून कोणी सांगितले नाही. त्या दिवसभर शेतात राबतात, अंगाने किडकिडीत आहेत. सासरचे म्हणतात, ही चोरून दारू पीत असणार. त्या म्हणतात, माझे लिव्हर निम्मे गेले. मी त्यांना काय सांगू?
— एक आशा सेविका, जालना जिल्हा

उत्तर : ताई, सर्वांत आधी ‘निम्मे गेले’ ही भीती काढून टाका. सोनोग्राफीच्या कागदावरची ग्रेड म्हणजे पडद्यावर यकृत किती पांढरे आणि चमकदार दिसते, यावरून बांधलेला चरबीचा अंदाज असतो. यकृत किती खराब झाले, याचे ते माप नव्हे. खरा धोका ठरतो तो यकृतात व्रणाच्या गाठी पडून ते किती घट्ट झाले आहे यावरून, आणि ते साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला कळत नाही. त्यामुळे ग्रेड टू असलेल्या माणसाचे यकृत पुष्कळदा मऊ व कामाचे असते, तर ग्रेड वन असलेल्या एखाद्याचे आतून घट्ट होत चाललेले असू शकते. कागद हातात देताना एवढे दोन शब्द कोणी बोलले असते, तर त्या बाईंच्या झोपेचे खोबरे झाले नसते.

दारूचा आरोप तर घरच्यांना एकत्र बसवूनच खोडून काढावा लागेल. दारूने यकृतात चरबी साठते हे खरे आहे. पण दारूचा थेंबही न घेणाऱ्या असंख्य माणसांत ती रक्तातील साखर, रक्तदाब, पोटाचा घेर आणि शरीराच्या चयापचयातील बिघाड यांमुळे साठते. पूर्वी या प्रकाराच्या इंग्रजी नावातच ‘दारूमुळे न झालेला’ असे शब्द होते. २०२३ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी ते नाव बदलले आणि दारूचा उल्लेख व ‘फॅटी’ हा शब्द, दोन्ही त्यातून काढले, कारण त्या शब्दांमुळे रुग्णाच्या कपाळावर शिक्का बसतो. आपल्याकडे मात्र ‘फॅटी’ म्हटले की ऐकणाऱ्याला ‘जाड’ एवढेच ऐकू येते, आणि किडकिडीत बाईला तो शब्द थट्टेसारखा वाटतो.

आता मूळ प्रश्न, बारीक माणसाच्या यकृतात चरबी कशी? याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर (बीएमआय) दोघांचेही २२.३, पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांच्या अभ्यासातही हेच दिसले. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, वजनात एवढी तूट, स्नायू कमी, परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. पिढ्यान्‌पिढ्या कमी खाल्लेल्या देहाची घडण अशी असते. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,९११ लोकांपैकी ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी आढळली, आणि त्यांतले बहुसंख्य लठ्ठ नव्हते. तुमच्या वाडीतील बाई अपवाद नाहीत, हे त्यांना याच भाषेत सांगा.

समजावताना एका शब्दाची काळजी घ्या. खाटकाच्या दुकानात ‘काळीज’ म्हणजे यकृत, पण बोलताना आपण ‘काळीज धडधडते’ असेही म्हणतो. ‘तुमच्या काळजाला चरबी आली आहे’ असे बोलून बसलात, तर त्या हृदयविकाराच्या धसक्याने घरी जातील. उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून जागा दाखवा आणि बकऱ्याच्या काळजाची आठवण द्या. तो अवयव बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि त्याचा तांबूस रंग फिका पिवळसर झाला तर काय झाले असेल, हे सांगावे लागत नाही.

मग टेप घ्या. तीस वर्षांवरील लोकांच्या आजाराच्या धोक्याचा जो तक्ता तुम्ही भरता, त्यात कमरेचा घेर असतोच. बाईंसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. टेप परकराच्या नाडीवरून नको. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घ्या. तक्त्यातील गुण ४ पेक्षा जास्त झाले, तर साखर व रक्तदाब तपासणीला प्राधान्याने पाठवायचे असतेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा यकृताचा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे कोणी म्हटले, तर तुम्ही हे सांगू शकता. या बाईंची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हिपॅटायटिस बी व सी आणि यकृताच्या चाचण्या व्हायला हव्यात. त्यांना वजन उतरवण्यासाठी उपाशी राहायला मात्र सांगू नका. त्यांचे वजन आधीच कमी असेल, तर त्यांना डाळी, अंडी आणि शेंगदाणे जास्त लागतील.

प्रश्न : मी यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत काम करतो. वय ३८, वजन ७२ किलो. दिवसाला सहा-सात चहा, रात्री वडापाव. डॉक्टर म्हणाले, सॅलड आणि फळे खा, जिमला जा. माझ्या पगारात हे बसत नाही. साखरेऐवजी गुळाचा चहा घेतला तर चालेल का? दारू महिन्यातून एक-दोनदाच होते.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : डॉक्टरांचा सल्ला खोटा नाही, पण तो तुमची पाळी पाहून दिलेला नाही. आपण चहापासून हिशेब करू. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते. सात कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे केवळ चहातून ७० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो मुख्यतः यकृतातच जातो आणि जास्त झाला की तेथे त्याची चरबी बनते. गूळ हीसुद्धा बव्हंशी तीच साखर आहे. त्यामुळे गुळाचा चहा चवीला चांगला असला तरी यकृताला त्याने फरक पडत नाही. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा आणि दोन चहा कमी करा. याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. थंड पेये पूर्ण बंद करा.

रेशनचा गहू-तांदूळ टाकून देण्याचे कारण नाही. भात एक वाटी आणि डाळ किंवा उसळ दोन वाट्या, असे ताटाचे प्रमाण बदला. मटकी, हरभरा, चवळी भिजवून कामावर नेता येतात. वडापावाच्या जागी दोन उकडलेली अंडी आणि भाकरी पोटाला जास्त वेळ पुरते. तेल घरात माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आत ठेवावे. माग सांभाळताना दिवसभर उभे राहणे आणि येरझारा घालणे थकवते, पण त्याने दम लागत नाही; म्हणून पाळीला जाता-येता अर्धा तास जरा दम लागेल अशा वेगाने चाला.

वजन ३ ते ४ किलोने उतरले तरी यकृतातील चरबी कमी होते, ७ किलोच्या जवळ गेले तर सूज आणि व्रणही मागे हटू शकतात. मात्र हे सहा महिने ते वर्षभरात व्हावे. दारूबद्दल मी घासाघीस करणार नाही. यकृतात चरबी असताना ती पूर्ण बंद करावी.

प्रश्न : गावात झाडपाल्याचे काविळीचे औषध देणारे गृहस्थ ‘लिव्हर साफ’ करणारा काढा देतात. शिवाय मी रोज गुळवेल घेते. चालू ठेवू का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दोन्ही थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवे; पण यकृत आधीच अडचणीत असताना हा वाद आपल्या अंगावर सोडवून पाहण्यात शहाणपण नाही. काढ्यात काय घातले आहे हे तर देणाराही सांगत नाही. यकृत नळासारखे तुंबत नाही, त्यामुळे ते ‘साफ’ करायचेही नसते. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी भरणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय ५२ असून त्याला मधुमेह आहे. सोनोग्राफीत चरबी दिसली. फायब्रोस्कॅन करा असे सांगतात, पण त्यासाठी दूर जावे लागते आणि खर्चही आहे. तो खरोखर हवा का? एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख ८ हजार.
— एक निवृत्त शिक्षक, सिंधुदुर्ग

उत्तर : गुरुजी, फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत किती घट्ट झाले आहे हे मोजणारी तपासणी. तुम्ही एसजीओटी व एसजीपीटी या यकृताच्या रक्तचाचण्यांचे आणि प्लेटलेटचे आकडे पाठवलेत हे फार बरे केले, कारण त्यांतूनच पहिली चाळणी करता येते. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. मग पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागा. तुमच्या भावाच्या बाबतीत ५२ गुणिले ४८ म्हणजे २,४९६. ३६ चे वर्गमूळ ६, आणि २०८ गुणिले ६ म्हणजे १,२४८. भागाकार २ आला. या आकड्याला ‘फिब-४’ म्हणतात. तो १.३ पेक्षा कमी असेल, तर घट्ट व्रणाची शक्यता फार कमी असते. २.६७ पेक्षा जास्त असेल, तर यकृततज्ज्ञांकडे जावे. पासष्टीपुढे मात्र खालची मर्यादा २ धरतात.

भाऊ मधल्या पट्ट्यात आहे आणि त्याला मधुमेहही आहे, त्यामुळे त्याच्यासाठी फायब्रोस्कॅनचा खर्च वाया जाणार नाही. १.३ च्या खाली असता, तर मीच त्याला प्रवास करू नको म्हणालो असतो. एकच गोष्ट आधी पाहा : पावसाळ्यात त्याला डेंगी होऊन गेला असेल आणि प्लेटलेट त्या काळातल्या असतील, तर हा सगळा हिशेब फसवा आहे, प्लेटलेट आणि यकृताच्या चाचण्या बरे झाल्यावर पुन्हा करून घ्या आणि मगच गणित मांडा. स्कॅनला जाताना निदान तीन तास पोट रिकामे हवे. अहवालात किलोपास्कलचा, म्हणजे यकृताच्या घट्टपणाचा आकडा ८ च्या आत आला, तर साखर ताब्यात ठेवून एक-दोन वर्षांनी हेच गणित पुन्हा करायचे. ८ च्या वर आला, तर तो कागद घेऊन यकृततज्ज्ञांना भेटायचे.