मुंबईत राहून दोन आसनी मारुत, म्हणजे भारतात बनलेलं जुनं लढाऊ विमान, शोधायचं तर सुरुवात कुठून करावी?

मुंबईत राहता म्हणजे सुरुवात वरळीपासूनच करा. नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत आहे. महालक्ष्मी स्टेशनला उतरून टॅक्सी केलीत की झालं.

तुम्ही विचारलेला प्रकार, म्हणजे मार्क १टी, मुळातच कमी बनला. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एकूण १४७ मारुत बांधली, त्यात दोन आसनी फक्त १८. त्यामुळे संग्रहालयं आणि चौकाचौकांत दिसणारी बहुतेक विमानं एकआसनी मार्क १च असतात. जर्मनीत म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयातही एक मारुत आहे. डिझाइन जर्मन अभियंता कुर्ट टांक यांचं, म्हणून ते तिकडे शोभतंही.

ओळखायचं कसं? पाटीवर भरवसा नको, पाट्या लिहिणाऱ्यांना 'मारुत' एवढंच पुरतं. कॉकपिट बघा: एकामागे एक दोन आसनं असली तर मार्क १टी. एकआसनीत वैमानिकाच्या मागे, विमानाच्या पोटात, ५० रॉकेटांचा आत-बाहेर होणारा संच असे. तो काढून त्या जागेत मागचं आसन बसवलं. बाकी सांगाडा जवळपास तोच, म्हणून लांबून काढलेल्या फोटोत हमखास फसगत होते.

शेपटीजवळचा क्रमांक टिपून घ्या, पण तोही जपूनच. प्रदर्शनातली विमानं पुन्हा रंगवताना क्रमांक चुकतात, कधी पुसलेच जातात. दोन्ही बाजूंचे आणि कॉकपिटचे जवळून फोटो काढा, मग पुण्यातल्या कमला नेहरू पार्कचं मारुतही तसंच तपासा.